दिवसाढवळ्या लावलेला दिवा

‘दिवाळे’ या शब्दाची एक व्युत्पत्ती जुन्या व्यापारी पेठांतून सांगितली जाते. देणी फेडणे अशक्य झाले की व्यापारी आपल्या पेढीवरील गादी गुंडाळून ठेवी आणि भर दुपारी दुकानात दिवा लावी. उन्हात तेवणारा तो दिवा पाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न सांगता कळे, की या पेढीची पत संपली. मग धनको जमत, चोपड्या उघडल्या जात आणि जे काही शिल्लक असेल त्याची वाटणी होई. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती उतरो अथवा न उतरो, तिच्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. दिवा लावणारा स्वतः तो व्यापारीच असे. आपली अडचण आपणच, चारचौघांसमोर, दिवसाउजेडी जाहीर करावी अशी त्या प्रथेची अपेक्षा होती.

आज बहुधा उलटे घडते. कंपनीची अडचण बँकेला कळते, लेखापरीक्षकाला कळते, माल देणाऱ्यांना वासावरून कळते. घरच्यांना मात्र ती सर्वांत शेवटी कळते. पर्युषणात सढळ हाताने बोली बोलणाऱ्या घराण्याची पत टिकून आहे असे समाज धरून चालतो, आणि ती समजूत टिकवण्यासाठी आणखी एक कर्ज काढले जाते. कंपनी बुडणे आणि घर बुडणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या घटना आहेत. कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. तिचे कर्ज तिचे, भागधारकाचे नव्हे. तरीही असंख्य कुटुंबांत या दोन्ही घटना एकाच दिवशी घडतात. त्याचे कारण कायद्यात कमी आणि त्या कुटुंबाने आधीच्या पाच-सात वर्षांत ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यांत अधिक असते.

श्रीमद् राजचंद्र यांच्याविषयीची एक आठवण जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सौराष्ट्रातील ववाणिया येथे 1867 मध्ये जन्मलेले आणि अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी देह ठेवणारे श्रीमद् मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. एका व्यापाऱ्याने त्यांना ठरलेल्या भावाने हिरे पुरवण्याचा करार केला होता. मधल्या काळात भाव इतके चढले, की करार पाळला असता तर त्या व्यापाऱ्याचे घरदार विकले गेले असते. श्रीमद् त्याच्याकडे गेले आणि कराराचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडून टाकला. धनकोने दाखवलेल्या औदार्याचे याहून उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र आजच्या कर्जव्यवहाराला ते जसेच्या तसे लावता येत नाही. श्रीमदांनी सोडलेले धन त्यांचे स्वतःचे होते. बँकेच्या शाखेत बसलेला अधिकारी कागद फाडू लागला, तर तो कुणा निवृत्त शिक्षकाची मुदत ठेव फाडत असतो. म्हणून आधुनिक काळात कर्जमाफीलाही नियम लागतो, मतदान लागते, न्यायाधिकरणाची मोहोर लागते. अडचणीतील कंपन्यांविषयीचा सारा कायदा एका अर्थी या एका प्रश्नाभोवती फिरतो: दुसऱ्याचे पैसे कोणी, किती आणि कोणत्या अटीवर सोडावेत?

वेळ विकत देणारे जुने कायदे

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. हिंदू विधीत ‘दामदुपट’ नावाचा नियम होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत आली. कोणत्याही एका वेळी वसूल करावयाचे थकीत व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, एवढेच तो सांगे. ऋणकोला चिरडून टाकण्यापासून धनकोला रोखणारी ही साधी, गणिती मर्यादा होती. इंग्रजी अमदानीत मुंबई, कोलकाता व मद्रास या शहरांसाठी 1909 चा आणि उर्वरित प्रदेशासाठी 1920 चा नादारी कायदा आला. व्यक्ती आणि भागीदारी पेढी यांच्या बाबतीत हेच दोन वयोवृद्ध कायदे दीर्घकाळ चालत राहिले, हे ज्यांची पेढी अजूनही भागीदारीत आहे त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते आणि या लेखात पुढे येणारे कंपन्यांसाठीचे बहुतेक संरक्षण त्याला लागू होत नाही.

कंपन्यांसाठी 1985 मध्ये आजारी उद्योगांचा विशेष कायदा झाला आणि 1987 पासून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ, म्हणजेच ‘बीआयएफआर’, काम करू लागले. हेतू चांगला होता. परंतु कंपनीचा संचित तोटा तिच्या साऱ्या नक्त मूल्याइतका झाल्याशिवाय तिला ‘आजारी’ मानले जात नसे. म्हणजे रोग्याचा श्वास अडकल्यावर दवाखान्याचे दार उघडायचे. आणि एकदा प्रकरण मंडळाकडे गेले की वसुलीच्या साऱ्या कारवायांना स्थगिती मिळे. ती स्थगिती वर्षानुवर्षे चाले. कित्येक प्रवर्तकांना आजारपणच सोयीचे वाटू लागले. यंत्रे गंजली, जमिनीच्या किमती वाढल्या, कामगार आपल्या देण्यांची वाट पाहत म्हातारे झाले. मुंबईतील गिरणगावाच्या आसपास वाढलेल्यांना या वाक्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्राजवळ याशिवाय स्वतःचे एक साधन होते: 1958 चा ‘रिलीफ अंडरटेकिंग’ कायदा. उद्योग बंद पडून बेकारी वाढू नये म्हणून राज्य शासन एखाद्या कारखान्याला साहाय्यपात्र घोषित करू शके आणि तेवढ्या मुदतीपुरती त्याची देणी स्थगित राहत. याच कायद्याने पुढे एका ऐतिहासिक खटल्यात मध्यवर्ती भूमिका बजावली.

पुण्याचा खटला

नादारी व दिवाळखोरी संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली 28 मे 2016 रोजी. कंपन्यांविषयीच्या तरतुदी त्या वर्षीच्या 1 डिसेंबरपासून अमलात आल्या. त्यानंतर अवघ्या आठवड्याभरात आयसीआयसीआय बँकेने मुंबईतील राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात पुणे जिल्ह्यातील इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीविरुद्ध अर्ज दाखल केला. पोलादी नळ्या आणि वाहनांचे सुटे भाग बनवणारी ही कंपनी. कामगारविषयक अडचणींमुळे 2012 च्या सुमारास तोटा सुरू झाला आणि एकोणीस बँका व वित्तसंस्थांचे कर्ज फेडणे कठीण झाले. असे नाही, की काहीच प्रयत्न झाले नाहीत. 2014 मध्ये बँकांनी एकत्र येऊन पुनर्रचनेचा आराखडा मान्य केला आणि सप्टेंबरमध्ये रीतसर करारही झाला. तोही फळाला आला नाही. कंपनीचे म्हणणे असे, की बँकांनी ठरलेली रक्कम वेळेवर दिलीच नाही. आराखडे कोलमडले की दोन्ही बाजूंनी हेच आरोप होतात. त्या कागदी वादात कोण किती खरे, हे ठरवण्याच्या आतच कारखान्याची भट्टी थंड होते.

अर्जाला उत्तर देताना कंपनीने शासनाचे दोन आदेश पुढे केले, एक जुलै 2015 चा आणि दुसरा जुलै 2016 चा. 1958 च्या कायद्याखाली आमची देणी स्थगित आहेत; जे देणे आज देय नाही त्याची थकबाकी कशी, असा तो युक्तिवाद होता. सामान्य माणसाला पटावा असाच. न्यायाधिकरणाने 17 जानेवारी 2017 रोजी तो अमान्य करून अर्ज दाखल करून घेतला. संहितेतील कलम 238 नुसार तिच्याशी विसंगत असलेल्या अन्य कायद्यांवर संहिता मात करते, हे त्यामागचे सूत्र. प्रकरण अपिलात गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 31 ऑगस्ट 2017 रोजी न्या. रोहिंटन नरिमन व न्या. संजय किशन कौल यांच्या पीठाने निर्णय दिला. राज्याचा कायदा संसदेच्या संहितेपुढे टिकणार नाही, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग उद्योजकांच्या मनाला अधिक लागला: निराकरण व्यावसायिक नेमला गेल्यानंतर कंपनीच्या नावाने अपील करण्याचा अधिकार जुन्या संचालकांना उरत नाही. ज्यांनी कंपनी उभी केली ते तिच्या वतीने न्यायालयाच्या पायरीवरही उभे राहू शकत नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

अर्ज ते अवसायन, अवघे एक वर्ष. ज्या देशात आजारी कंपन्या दशकभर आजारी राहत, तेथे हा वेग धक्कादायक होता. कंपनी चालवण्याचा अधिकार मालकाला मालमत्तेच्या हक्कासारखा कायमचा मिळालेला नसतो, तो देणी वेळेवर भागवण्याच्या अटीवर मिळालेला असतो, हे भारतीय उद्योगजगताला प्रथम समजले ते पुण्याच्या या खटल्याने.

संहितेची रचना थोडक्यात अशी. थकबाकी झाली, आणि ती आता किमान एक कोटी रुपयांची असावी लागते (मार्च 2020 पूर्वी ही मर्यादा एक लाखाची होती), की वित्तीय धनको, माल वा सेवा पुरवणारा धनको किंवा खुद्द कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेताच वसुलीच्या कारवायांना स्थगिती मिळते, संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि निराकरण व्यावसायिक कारभार हाती घेतो. बँकांसारख्या वित्तीय धनकोंची समिती बनते. कंपनी विकत घेऊ इच्छिणाऱ्यांचे आराखडे मागवले जातात. 66 टक्के मतांनी संमत झालेला आराखडा न्यायाधिकरणाने मान्य केला की तो सर्वांवर बंधनकारक होतो. हे सारे न्यायालयीन विलंबासह 330 दिवसांत आटोपावे अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रकरणे ही मर्यादा ओलांडतात. आराखडा जमला नाही, तर अवसायन.

टीकाकारांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. आराखडा यशस्वी झालेल्या प्रकरणांतही धनकोंना दाव्याच्या सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच रक्कम मिळते; बाकीची सोडून द्यावी लागते. आराखड्याने तरलेल्या कंपन्यांपेक्षा अवसायनात गेलेल्या कंपन्यांची संख्या मोठी आहे. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कंपन्या मात्र आधीच बंद पडलेल्या किंवा जुन्या मंडळाकडे धूळ खात पडलेल्या होत्या, हेही सांगायला हवे. मृतदेह आणून दिल्यावर वैद्याला बोल लावण्यात अर्थ नसतो. 2019 मध्ये एस्सार स्टील बेचाळीस हजार कोटी रुपयांना आर्सेलर मित्तलकडे गेली, तेव्हा चालता कारखाना हा बंद कारखान्यापेक्षा किती अधिक मोलाचा असतो, हे दिसले.

जळगावची वाट

न्यायाधिकरणाच्या दारात न जाताही कंपनी सावरता येते. त्याचे महाराष्ट्राच्या परिचयाचे उदाहरण जळगावचे आहे.

जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये सात हजार रुपयांच्या बचतीवर केरोसीनच्या विक्रीपासून व्यवसाय सुरू केला. पुढे ठिबक सिंचनाने जैन इरिगेशनचे नाव खानदेशातील केळीच्या बागांपासून परदेशापर्यंत पोहोचवले. पण कंपनीचा आलेख सरळ चढत गेलेला नाही. नव्वदच्या दशकात तिने आपल्या मूळ कामाशी संबंध नसलेल्या, वित्त आणि माहिती तंत्रज्ञान यांसारख्या क्षेत्रांत हात घातला आणि ते प्रकरण अंगाशी आले. त्या वेळी भवरलालजींनी आपले निर्णय चुकले, हे भागधारकांपुढे जाहीरपणे कबूल केले. परकी क्षेत्रे सोडली, बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा दिला, कर्ज फेडले, आणि कंपनी पुन्हा पाणी व शेतीकडे वळली. जाहीर कबुली देणारा उद्योजक विरळा. जुन्या पेठेतील दिवसाच्या दिव्याशी या कृतीचे नाते जवळचे आहे.

भवरलालजींचे 2016 मध्ये निधन झाले. 2019 मध्ये कंपनीसमोर दुसरे, अधिक मोठे संकट उभे राहिले. शासकीय प्रकल्प व अनुदाने यांच्याशी निगडित येणी अडकली, खेळते भांडवल आटले, कर्जाचे हप्ते चुकले आणि पतमानांकन संस्थांनी कंपनीला थकबाकीदाराच्या श्रेणीत टाकले. येणी कागदावर आहेत, माल विकला गेला आहे, मागणीही आहे, आणि तरीही शुक्रवारच्या पगाराला पैसे नाहीत: या अवस्थेतून जो उद्योजक गेला आहे त्यालाच नफा आणि रोकड यांतील अंतर कळते.

या वेळी उपयोगी पडले ते रिझर्व्ह बँकेचे 7 जून 2019 चे परिपत्रक. त्यानुसार हप्ता चुकल्यानंतर बँकांनी तीस दिवसांत परिस्थितीचा आढावा घ्यायचा आणि आपसांत करार करायचा. कर्जाच्या मूल्याने 75 टक्के व संख्येने 60 टक्के धनकोंनी जो निर्णय घेतला तो करारातील सर्वांना बंधनकारक. पुढील 180 दिवसांत आराखडा अमलात आला नाही, तर बँकांना त्या कर्जापोटी वीस टक्के जादा तरतूद करावी लागते. म्हणजे दिरंगाईची किंमत बँकेच्याही खिशातून जाते. म्हणून ती टेबलाशी बसते. अशा पुनर्रचनेत कर्जाचे साधारणतः दोन भाग पाडतात. कंपनीच्या उत्पन्नातून जेवढे खरोखर फेडता येईल तेवढे नव्या मुदतीचे कर्ज म्हणून राहते; उरलेल्याचे रोख्यांत किंवा समभागांत रूपांतर होते. प्रवर्तकाचा हिस्सा घटतो. कारखाना चालू राहतो.

जळगावच्या कंपनीबाबत हे घडायला तीन वर्षे लागली. मध्ये कोविडची टाळेबंदी येऊन गेली. देशांतर्गत धनकोंबरोबरचा आराखडा मार्च 2022 मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने आपला आंतरराष्ट्रीय सिंचन व्यवसाय टेमासेकच्या मालकीच्या रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करण्याचा करार जाहीर केला. मार्च 2023 मध्ये तो पूर्ण झाला आणि एकत्रित कर्जातून सुमारे 2,664 कोटी रुपये उतरले. विलीन झालेल्या कंपनीत जळगावकडे राहिला 22 टक्के हिस्सा. वर्षानुवर्षे देशोदेशी जोडलेला व्यवसाय हातचा जाऊ देणे कोणत्याही घराण्याला सोपे नसते. मूळ झाड वाचवण्यासाठी पसरलेली फांदी छाटली गेली.

पुण्याची कंपनी बुडाली आणि जळगावची तरली, यावरून एकीला दोष आणि दुसरीला गुण देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पुनर्रचनेचा मार्ग पुण्यानेही अवलंबला होता. विकण्याजोगा परदेशी व्यवसाय प्रत्येकाजवळ नसतो, आणि 2019 चे परिपत्रक 2014 मध्ये अस्तित्वात नव्हते. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. पुण्यात शासनाच्या स्थगितीच्या आदेशांतून वेळ मिळत राहिला. जळगावात मालमत्तेचा मोठा भाग सोडून तो मिळवावा लागला. फुकट मिळालेला वेळ अडचणीतील कंपनीला क्वचितच तारतो.

लहान कारखान्यांसाठीचे दार

इचलकरंजीचे माग, कोल्हापुरातील ओतकाम, लातूरच्या तेलगिरण्या यांना हजारो कोटींच्या कथा दूरच्या वाटतील. त्यांच्यासाठी संहितेत दोन महत्त्वाच्या सवलती आहेत. थकबाकीदार प्रवर्तकाने मागच्या दाराने, सवलतीच्या भावात, आपलीच कंपनी परत विकत घेऊ नये म्हणून नोव्हेंबर 2017 मध्ये कलम 29 अ घालण्यात आले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना मात्र त्यातील मुख्य बंदी लागू नाही. प्रवर्तक हेतुपुरस्सर कर्जबुडवा ठरलेला नसेल, तर तो स्वतःच्या कंपनीसाठी आराखडा देऊ शकतो. लहान कारखान्याला दुसरा ग्राहक सहसा मिळतच नाही, हे वास्तव येथे कायद्याने ओळखले.

दुसरी सवलत एप्रिल 2021 ची: पूर्वनियोजित निराकरण, ज्याला ‘प्रीपॅक’ म्हणतात. किमान दहा लाखांची थकबाकी असलेली लघुउद्योग कंपनी आधी आपल्या धनकोंशी बोलणी करते, असंबंधित वित्तीय धनकोंपैकी 66 टक्क्यांची संमती मिळवते आणि मग तयार आराखड्यासह न्यायाधिकरणाकडे जाते. एकूण मुदत 120 दिवस. या काळात कारभार संचालकांच्याच हाती राहतो. एवढी सोय असूनही आजवर अगदी मोजक्याच कंपन्यांनी ही वाट चोखाळली. येथे पहिले पाऊल ऋणकोने स्वतः टाकायचे असते. आपण अडचणीत आहोत असा ठराव भागधारकांकडून संमत करून घ्यायचा असतो. दिवा स्वतःच लावायचा आहे, आणि तेथेच हात थांबतो.

ज्यांचा संबंध धनको म्हणून येतो, त्यांच्यासाठी एक बारीक पण महागडी गोष्ट. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे बिल थकले आणि ती कंपनी नादारीत गेली, तर निराकरण व्यावसायिक जाहीर सूचना देतो. एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात ती छापली जाते. दाव्याची पहिली मुदत अवघी चौदा दिवसांची असते. हा दावा पुराव्यासह दाखल झाला नाही आणि पुढे आराखडा मंजूर झाला, तर त्यात नसलेले देणे कायमचे संपते, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2021 चा निर्णय आहे. जुने संबंध आहेत, मालक शब्दाचा पक्का आहे, या भरवशावर थांबलेल्यांचे पैसे असे गेले आहेत. तो मालक तेव्हा मालक उरलेला नसतो.

घरातील ठेवी आणि घरातील सह्या

व्यापारी समाजात कंपनीला नातेवाइकांच्या ठेवींचा आधार असतो. आत्याची रक्कम, विधवा वहिनीची रक्कम, मुलीच्या सासरची रक्कम, व्याज दर महिन्याला घरपोच. कंपनी डळमळू लागली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो या माणसांचा. बँकेचे पाहता येईल, आधी घरच्यांचे देऊन टाकू. भावनेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. संहितेच्या कलम 43 नुसार मात्र हा ‘पक्षपाती व्यवहार’ ठरू शकतो. नादारीची प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत संबंधित व्यक्तींना, आणि एका वर्षात इतरांना, इतर धनकोंना डावलून दिलेली रक्कम न्यायाधिकरण परत मागवू शकते. म्हणजे आत्याला मिळालेले पैसे तिच्या खात्यातून पुन्हा निघतात, आणि आता त्यासोबत नोटीसही येते. धनकोंच्या समितीत संबंधित व्यक्तींना मताधिकारही नसतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटी लेखापत्रे करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेले द्रव्य बळकावणे, हे दोन्ही येतात. खोटी चोपडी चोरीच्या खात्यात न मांडता असत्याच्या खात्यात मांडणारी ही दृष्टी व्यापाऱ्यांचे मन जाणणारी आहे. साठ्याचे आकडे फुगवून बँकेला दाखवणारा माणूस स्वतःला चोर मानत नाही. ‘पुढच्या हंगामात भरून निघेल’ असे तो म्हणतो. संहितेचे कलम 66 याच माणसाला उद्देशून आहे. कंपनी वाचण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही, हे ज्या संचालकाला कळले होते किंवा कळायला हवे होते आणि तरीही ज्याने धनकोंचे नुकसान कमी करण्यासाठी योग्य ती काळजी घेतली नाही, त्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते. संवत्सरीला क्षमायाचना करता येते. ताळेबंदाला तशी सोय नाही.

आता सह्यांविषयी. वडिलांचे ऋण पुत्राने फेडावे, हे पूर्वी धर्मकर्तव्य आणि कायदाही होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने, जो कायदा जैनांनाही लागू आहे, त्या वर्षाच्या सप्टेंबरनंतर काढलेल्या कर्जांसाठी केवळ पुत्रधर्माच्या आधारे मुलगा, नातू वा पणतू यांच्याकडून वसुली करण्याचा मार्ग बंद केला. वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी तेवढी राहते. कंपनी स्वतंत्र व्यक्ती, पुत्र मोकळा: कायद्याने घराभोवती दोन भिंती बांधून दिल्या आहेत. त्या दोन्ही पाडणारा कागद म्हणजे वैयक्तिक हमीपत्र. कर्जाच्या वेळी बँक प्रवर्तकाची हमी मागते, त्याच्या पत्नीची मागते, ज्या आईच्या नावे घर आहे तिचीही मागते. स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या बाईने फुलीच्या खुणेपाशी सह्या केलेल्या असतात.

या सहीचा अर्थ असा, की हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कंपनीला मिळणाऱ्या स्थगितीचे छत्र हमीदारावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये स्पष्ट केले. न्यायाधिकरणात कंपनीवर आराखडे तपासले जात असताना बँक हमीदाराच्या घराकडे वळू शकते. 1 डिसेंबर 2019 पासून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांनाही संहितेच्या कक्षेत आणले गेले. त्याला दिलेले आव्हान 21 मे 2021 रोजी फेटाळताना न्यायालयाने सांगितले, की कंपनीचा आराखडा मंजूर झाला म्हणजे हमीदार आपोआप सुटला असे होत नाही. नव्या मालकाच्या हाती कर्जमुक्त कारखाना जातो आणि जुन्या मालकाच्या आईच्या दारावर नोटीस लागते, असे घडू शकते आणि घडते.

म्हणून पुनर्रचनेची बोलणी करताना व्याजदरावर जितका वेळ खर्च होतो, तितका हमीपत्रांवरही व्हावा, असे या क्षेत्रातील जाणते सनदी लेखापाल सांगतात. आराखड्यातच हमीदारांच्या मुक्ततेचे किंवा मर्यादेचे कलम घालून घेता येते. बँका ते सहजी मानत नाहीत, पण विचारल्याशिवाय तर मुळीच देत नाहीत. 1872 च्या करार कायद्यानुसार चालू हमी पुढील व्यवहारांपुरती लेखी सूचनेने मागे घेता येते, परंतु बँकांच्या छापील नमुन्यात हा हक्क बहुधा आधीच सोडून दिलेला असतो. आणि वयोमानाने निवृत्त होऊन कारभार मुलांकडे सोपवणारे वडील संचालकपदाचा राजीनामा देतात, कंपनी निबंधकाकडे त्याची नोंद होते, सत्कार होतो, शाल मिळते. बँकेच्या तिजोरीतील त्यांचे हमीपत्र मात्र तसेच राहते. ते सुटले असे मानण्यासाठी बँकेचे लेखी मुक्ततापत्र लागते, आणि ते मिळवायची योग्य वेळ कर्ज नियमित असतानाची.